अस्वलाच्या शोधात निघालेला रेल्वेसम्राट

मार्च १८९९ मध्ये वॉशिंग्टनला अमेरिकी कृषी खात्याच्या जीवशास्त्र सर्वेक्षण विभागाचे प्रमुख सी. हार्ट मेरियम यांच्या कार्यालयात एक बुटके, मिशाळ गृहस्थ पूर्वसूचना न देता येऊन दाखल झाले. उन्हाळ्यात आपण अलास्काच्या किनाऱ्याने बोट नेणार आहोत, तिच्यावर देशातील नामवंत शास्त्रज्ञ हवेत आणि त्यांची निवड मेरियम यांनी करावी, असा त्यांचा प्रस्ताव होता. सर्व खर्च ते स्वतः करणार होते. मेरियम यांनी या पाहुण्याचे नावही ऐकलेले नव्हते. रेल्वेतील ओळखीच्या अधिकाऱ्याकडे चौकशी केल्यावर उलगडा झाला, की हे एडवर्ड हेन्री हॅरिमन, युनियन पॅसिफिक रेल्वेचे सूत्रधार.

हॅरिमन यांचा जन्म २० फेब्रुवारी १८४८ रोजी न्यूयॉर्क राज्यातील हेम्पस्टेड येथे झाला. वडील धर्मोपदेशक, घरची परिस्थिती बेताची. चौदाव्या वर्षी शाळा सोडून ते वॉल स्ट्रीटवर निरोप्याचे काम करू लागले आणि बाविसाव्या वर्षी काकांकडून कर्ज काढून शेअर बाजाराचे सदस्य झाले. दिवाळखोरीतून सावरणारी युनियन पॅसिफिक १८९८ मध्ये त्यांच्या ताब्यात आली. त्याच वर्षी त्यांनी तिच्या मार्गाची जातीने पाहणी केली. गाडी केवळ दिवसा चालवायची, म्हणजे एकही पूल वा रूळ नजरेतून सुटू नये, असा त्यांचा शिरस्ता होता. या कामाच्या ताणाने प्रकृती ढासळली आणि डॉक्टरांनी सक्तीच्या विश्रांतीचा सल्ला दिला. हॅरिमन यांनी विश्रांतीसाठी निवडला तो अलास्का. कोडियाक बेटावरच्या अजस्र अस्वलाची शिकार ही त्यांची मूळ इच्छा. कुटुंबही सोबत न्यायचे होते. मात्र एवढी मोठी बोट केवळ हौसेसाठी न्यावी, हे त्यांच्या हिशेबी मनाला पटले नसावे.

जे नियोजन त्यांनी रुळांचे केले, तेच आता सहलीचे झाले. 'जॉर्ज डब्ल्यू. एल्डर' ही जुनी आगबोट भाड्याने घेऊन नव्याने सजवण्यात आली. अलास्काविषयीचे ग्रंथालय, पियानो, छोट्या वाफेच्या होड्या, तंबू, घोडे, ताज्या मांसासाठी गुरे-मेंढ्या, दुधासाठी गाय, असा सारा सरंजाम तिच्यावर चढला. खलाशांसह १२६ माणसे होती. त्यांत हिमनद्यांचे अभ्यासक जॉन म्यूर आणि ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट, निसर्गलेखक जॉन बरोज, पक्षीचित्रकार लुई अगासी फुएर्टेस आणि तेव्हा फारसे नाव नसलेले छायाचित्रकार एडवर्ड कर्टिस यांचा समावेश होता. बोट कुठे थांबवायची, हे ठरविण्याचे काम यजमानांनी शास्त्रज्ञांच्या समित्यांकडे सोपवले. आज मुंबई-पुण्याच्या सहल कंपन्याही अलास्का क्रूझच्या जाहिराती देतात. प्रवाशांना असा अधिकार कोणी देईल, असे वाटत नाही.

३१ मे रोजी सिएटलहून बोट सुटली. ग्लेशियर बे येथे म्यूर यांनी लांडग्यांच्या एका खोऱ्याचे वर्णन केले, म्हणून हॅरिमन बंदूक घेऊन बर्फ तुडवीत तिकडे गेले आणि दमून रिकाम्या हाताने परतले. पुढे प्रिन्स विल्यम साउंडमध्ये त्यांचा खरा स्वभाव दिसला. नकाशाप्रमाणे बॅरी हिमनदीपाशी पाणी संपत होते, पण बर्फाची भिंत आणि खडक यांच्यामध्ये एक अरुंद फट दिसली. वाटाड्या कचरला. हॅरिमन यांनी जोखीम आपल्या शिरावर घेऊन बोट आत घालण्याचा हुकूम दिला. आत हिमनद्यांनी वेढलेली, कोणत्याही नकाशात नसलेली खाडी उघडली. तिला त्यांचेच नाव मिळाले. बॅरी हिमनदी त्यानंतर कित्येक किलोमीटर मागे हटली आहे. तिचा आधार गेल्याने तिथला डोंगरउतार खाडीत कोसळून सुनामी उसळू शकते, असा इशारा शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये दिला.

कोडियाकवर ३ जुलैला अस्वल अखेर सापडले. ती पिल्लासह असलेली मादी होती. दोन्ही मारले गेले. म्यूर यांना हा प्रकार मुळीच रुचला नाही.

तिथून पश्चिमेला उनालास्का बंदरात बरोज यांनी बेरिंग समुद्राच्या लाटा टाळण्यासाठी सामान घेऊन गुपचूप उतरण्याचा बेत केला होता. सहप्रवाशांनी त्यांना पकडून परत आणले! पत्नी मेरी यांना सैबेरिया पाहायचा होता, म्हणून बोट तिकडेही गेली. परतीच्या वाटेवर, जुलैच्या अखेरीस, केप फॉक्स येथे ट्लिंगिट लोकांचे एक ओस गाव लागले. रहिवासी दुसरीकडे गेले होते, गाव त्यांनी कोणाला दिलेले नव्हते. तरीही कोरीव टोटेम खांब आणि इतर वस्तू बोटीवर चढवून संग्रहालयांना देण्यात आल्या. तेव्हा ते विज्ञानकार्य मानले गेले. इतक्या विद्वानांच्या मेळाव्यात हे थांबवणारे कोणी निघाले नाही, ही गोष्ट या सफरीच्या हिशेबातून वगळता येत नाही.

३० जुलैला बोट सिएटलला परतली. मेरियम यांनी संपादित केलेले अहवालाचे खंड १९०१ पासून वर्षानुवर्षे निघत राहिले. विज्ञानाला सुमारे सहाशे नव्या प्रजाती मिळाल्या. कर्टिस पुढे अमेरिकेतील मूलनिवासींचे विख्यात छायाचित्रकार झाले. हॅरिमन मात्र रेल्वेकडे वळले. साउदर्न पॅसिफिक ताब्यात घेणे, १९०१ मधील शेअर बाजाराची घबराट, अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्याशी वैर, यांमुळे वृत्तपत्रांनी त्यांना खलनायक ठरवले. धनिकांविषयी साशंक असलेल्या म्यूर यांच्याशी त्यांची मैत्री मात्र टिकली. १९०५ मध्ये योसेमिटीचे खोरे कॅलिफोर्निया राज्याकडून केंद्राकडे जावे, यासाठी म्यूर यांनी त्यांची मदत मागितली आणि हॅरिमन यांनी रेल्वेचे राजकीय वजन त्या पारड्यात टाकले. १९०८ मध्ये म्यूर यांना पाहुणे म्हणून बोलावून, आपला लघुलेखक मागे लावून त्यांच्याकडून बालपणीच्या आठवणीही त्यांनी सांगून घेतल्या. ९ सप्टेंबर १९०९ रोजी हॅरिमन यांचे निधन झाले. म्यूर यांनी त्यांच्यावर छोटे स्मृतिपुस्तक लिहिले.

त्या सफरीचा मार्ग २००१ मध्ये दुसऱ्या एका बोटीने पुन्हा आक्रमिला. त्याच वेळी संग्रहालयांनी टोटेम खांब ट्लिंगिट वंशजांच्या स्वाधीन केले. वंशजांनी शिकागोच्या फील्ड म्युझियमला सीडर वृक्षाचे एक खोड भेट दिले. त्यातून कोरलेला नवा खांब २००७ मध्ये त्या संग्रहालयाबाहेर उभा करण्यात आला.