जमशेदजी टाटा आणि वरोऱ्याचा कोळसा: एका कामाला चालला, दुसऱ्याला नाही!

कुंभारीजवळच्या सोलापुरात टॉवेलचं सूत रंगवायला वाफ लागते. छोट्या बॉयलरला कोळसा कठीण घ्यावा की मऊ? कठीण, म्हणजे अँथ्रासाइट, उशिरा पेटतो पण धूर कमी करतो. मऊ, म्हणजे बिटुमिनस, पटकन पेटतो पण धूर जास्त. भारतात बहुतेक मऊच मिळतो. पण तेवढंच बघून भागत नाही, हे जमशेदजींना चांगलंच कळलं.

जन्म १८३९, नवसारी. १८७७ मध्ये त्यांनी मुंबई सोडून नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. कारण? कापूस शेजारी, रेल्वे जवळ आणि वरोऱ्याची कोळसा खाणही फार लांब नाही.

१८८२ मध्ये चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या लोहखनिजावरचा अहवाल त्यांच्या हाती पडला. लोखंड आहे, कोळसाही जवळ, मग कारखाना काढूया! पण चाचणीत वरोऱ्याचा कोळसा नापास झाला. बॉयलरला नुसती उष्णता पुरते. लोखंडाच्या भट्टीला मात्र कोक लागतो, म्हणजे हवेशिवाय तापवून बनवलेले, खनिजाचं वजन पेलणारे टणक तुकडे. प्रत्येक मऊ कोळशाचा असा कोक होत नाही.

स्वप्न वीसेक वर्षं लांबलं. १९०४ मध्ये जमशेदजी गेले. पुढे झरियाच्या कोळशावर साकचीत, म्हणजे आजच्या जमशेदपुरात, १९१२ मध्ये पोलाद निघालं. ते बघायला ते नव्हते.

थोडक्यात काय, आधी काम ठरवा. मग राख, ओलावा तपासा आणि कोळसा निवडा.