रक्त घेऊन जखमींकडे जाणारे डॉक्टर : नॉर्मन बेथून

डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव मराठी घरांत नवे नाही. सोलापूरच्या या डॉक्टरांवर व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये चित्रपटही काढला. चीनमधील ज्या रुग्णालयाचे कोटणीस प्रमुख झाले, त्याला मात्र आधीच्या एका डॉक्टरांचे नाव होते. ते म्हणजे कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून.

बेथून यांचा जन्म मार्च १८९० मध्ये ओंटारिओ प्रांतातील ग्रेव्हनहर्स्ट येथे झाला. वडील धर्मोपदेशक होते. पहिल्या महायुद्धात वैद्यकीचे शिक्षण अर्धवट ठेवून ते जखमींची स्ट्रेचर वाहू लागले आणि १९१५ मध्ये स्वतःच जखमी झाले. पुढे क्षयाने गाठले. त्यातून बरे होऊन ते मॉन्ट्रियलमध्ये छातीचे नामांकित शल्यचिकित्सक झाले. स्वभाव तापट, सहकाऱ्यांशी खटके उडत. पण रुग्णासाठी ते जिवाचे रान करीत.

नोव्हेंबर १९३६ मध्ये ते यादवी युद्धाने होरपळणाऱ्या स्पेनमध्ये, माद्रिदला पोहोचले. तेथे अनेक सैनिक रुग्णालयात पोहोचण्याआधीच रक्तस्रावाने दगावत होते. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असते. त्यातील पाचवा हिस्सा झपाट्याने गेला की नाडी जलद व क्षीण होते, हातपाय गार पडतात, घाम सुटतो, लघवी कमी होते आणि रक्तदाब घसरतो. मेंदूला व मूत्रपिंडांना प्राणवायू पुरेनासा होतो. अशा वेळी आधी रक्तस्राव थांबवायचा आणि लगेच शिरेतून तूट भरून काढायची. सलाईनने द्रव भरून निघतो. प्राणवायू वाहून नेण्याचे काम मात्र रक्तच करते. उशीर झाला, तर नंतर कितीही रक्त दिले तरी उपयोग होत नाही.

म्हणून बेथून यांनी ठरवले, की जखमी रक्तापर्यंत पोहोचू शकत नसेल तर रक्तानेच त्याच्याकडे जावे. माद्रिदच्या नागरिकांनी दिलेले रक्त गोठू नये म्हणून त्यात सोडियम सायट्रेट मिसळत. बाटल्या थंड ठेवून मोटारीने आघाडीवर नेत. बार्सिलोनात डॉ. दुरान जोर्दा हेही असेच काम करीत होते. रक्तपेढीची आजची व्यवस्था अशा प्रयत्नांतून पुढे आली.

१९३८ मध्ये बेथून चीनला गेले. उत्तरेकडील डोंगराळ भागात ना वीज, ना शीतपेटी. तेथे त्यांनी गावकऱ्यांनाच रक्तदानासाठी तयार केले. लोक भीत होते, तेव्हा त्यांनी आधी स्वतःचे रक्त दिले.

ऑक्टोबर १९३९ च्या अखेरीस शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला जखम झाली. हातमोजे नव्हते. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि १२ नोव्हेंबर रोजी, वयाच्या अवघ्या ४९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा १९४१ मध्ये कोटणीसांनी घेतली आणि पुढच्याच वर्षी, ९ डिसेंबर १९४२ रोजी, तेही गेले. तेव्हा ते ३२ वर्षांचे होते.

आज अपघातातला रुग्ण दारात येताच रक्ताची पिशवी हाताशी असते, ती कोणीतरी आधीच रक्त देऊन ठेवलेले असते म्हणून. बेथून यांची आठवण ठेवायची, तर पुढच्या रक्तदान शिबिराला आपण जरूर जावे.