शिपाई नामदेव जाधव

आपल्या महाराष्ट्रात पुष्कळ शूर वीर होऊन गेले. त्यातल्या एका शिपायाची गोष्ट मी लिहीत आहे.

१४ जानेवारीला संक्रांत असते हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच दिवशी माजी सैनिक दिन असतो हे आमच्या वर्गात कुणालाच माहीत नव्हते. मलासुद्धा नव्हते, आणि माझे वडील तर माजी सैनिक आहेत! गुरुजींनी सांगितले, आपल्या सैन्याचे पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा १४ जानेवारी १९५३ रोजी निवृत्त झाले, म्हणून २०१६ सालापासून हा दिवस पाळतात. मला वाटले होते त्या दिवशी मोठी लढाई जिंकली असेल. पण करिअप्पांनी वर्दी उतरवली त्याचाच तो दिवस आहे.

घरी येऊन मी अण्णांना विचारले. अण्णा मराठा रेजिमेंटमध्ये होते, बेळगावला त्यांचे ट्रेनिंग झाले. त्यांनी त्याच रेजिमेंटच्या नामदेव जाधवांची गोष्ट सांगितली.

नामदेव जाधव यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९२१ रोजी नगर जिल्ह्यात निमज या गावी झाला. ते सैन्यात भरती झाले. तेव्हा इंग्रजांचे राज्य होते आणि दुसरे महायुद्ध चालू होते. मराठा पलटणी लांब इटली देशात जर्मनांशी लढत होत्या. नामदेव हे कंपनीचे रनर होते. रनर म्हणजे साहेबांचा निरोप पळत जाऊन पोचवणारा.

९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना सेनिओ नदी ओलांडायची होती. ही नदी फक्त १५ फूट रुंद. अण्णांनी अंगणात पावले टाकून दाखवली, तर मला हसू आले. आपला नीरा डावा कालवा त्याहून केवढा तरी मोठा आहे! पण पाणी होते ४-५ फूट, म्हणजे माझ्या गळ्याच्या वर. आणि दोन्हीकडचे बांध ३०-३५ फूट उंच, शाळेच्या तीन खोल्या एकावर एक ठेवल्या तर होतील तेवढे. बांधात जर्मन लपलेले आणि चढावर सुरुंग पेरलेले.

पाण्यातून वर येताच गोळ्या सुरू झाल्या. साहेब आणि दोन जवान जखमी झाले. बरोबरचे बाकीचे सगळे ठार झाले. धड राहिले एकटे नामदेव. त्यांनी एका जखमीला उचलले आणि खोल पाण्यातून, सुरुंगांमधून, उभ्या चढावरून सुरक्षित जागी नेले. मग परत येऊन दुसऱ्यालाही नेले. मला इथे वाटले की गोष्ट संपली. पण ते तिसऱ्यांदा पलीकडे गेले! एक मशीनगन त्यांनी बंद पाडली. तेवढ्यात हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना. तर बंदूक टाकून दिली आणि हातबॉम्ब घेतले. बॉम्ब संपले तेव्हा सरपटत वर जाऊन साथीदारांकडून आणखी आणले. अशी आणखी दोन ठाणी त्यांनी उडवली. मग बांधावर उघड्यावर उभे राहून त्यांनी मराठ्यांची रणगर्जना केली आणि सर्वांना नदीपार बोलावले. त्या वेळी ते २३ वर्षांचे होते.

त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वांत मोठे पदक मिळाले. ते १९८४ साली पुण्यात वारले. म्हणजे लढाईनंतर ३९ वर्षे ते आपल्यासारखेच राहिले. एस्टीत शेजारी बसणाऱ्याला कळलेही नसेल की हे कोण आहेत.

माझे अण्णा बारामती एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर असतात. काही पोरं त्यांना वाचमन म्हणून चिडवतात, नावे मी लिहीत नाही. म्हणून मी नुसते कंपनीत आहेत असेच सांगायचो. अण्णांना ते माहीत होते, पण ते कधी रागावले नाहीत.

संक्रांतीला त्यांची सेकंड शिफ्ट होती. मी आईबरोबर गेटवर गेलो. त्यांना तिळगूळ दिला, पाया पडलो आणि मग कडक सॅलूट ठोकला. अण्णांनीही टाच जुळवून सॅलूट केला. तेवढ्यात मागून ट्रक आला. मग ते रजिस्टर घेऊन गेट उघडायला गेले.