पंडिता रमाबाई : बाप्तिस्मा ते कृपासदन

पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराविषयी आपण बरेच वाचलेले असते. त्यावरून उठलेले वादळ, केसरीने केलेली टीका, महात्मा फुले यांनी घेतलेली त्यांची बाजू हा सर्व इतिहास सुपरिचित आहे. मात्र या गदारोळात एक साधा प्रश्न बाजूला पडतो : रमाबाईंना स्वतःला या श्रद्धेत काय मिळाले, आणि ते केव्हा मिळाले? बाप्तिस्मा आणि मनःशांती या दोन घटनांमध्ये त्यांच्या आयुष्यातील सुमारे आठ वर्षांचे अंतर आहे. त्यांचे चरित्र समजून घेताना हे अंतर नजरेआड करून चालत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकमताची पर्वा न करता पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि आईने ते रमाबाईंना दिले. पुराणे सांगत, तीर्थे करत हे कुटुंब गावोगाव फिरत होते. १८७४च्या सुमारास दक्षिणेत अन्नान्न दशा झाली आणि प्रथम वडील, मग आई, मग थोरली बहीण असे तिघे काही महिन्यांच्या अंतराने गेले. व्रते, जप, दाने यांत सर्वस्व घातलेल्या घराला देवाने उपाशी मरू दिले, हा सल तेव्हापासून त्यांच्या मनात रुतून बसला.

भाऊ श्रीनिवास आणि त्या पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. स्त्रियांपुढे धर्मावर व्याख्याने द्यावयाची म्हणून त्यांनी धर्मशास्त्रे काळजीपूर्वक वाचली. स्त्री आणि शूद्र यांना त्याच जन्मी, स्वतःच्या अधिकाराने मोक्ष मिळत नाही, हाच या ग्रंथांचा निष्कर्ष आहे असे त्यांना आढळले. ज्या विद्येने मान दिला, त्याच विद्येने मुक्तीचे दार बंद असल्याचे दाखवले.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते. सिलचरच्या घरात लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांच्या हाती लागली. पत्नीने ख्रिस्ती होण्याचा विचार पतीला मात्र रुचला नाही. फेब्रुवारी १८८२ मध्ये पतीचे कॉलऱ्याने निधन झाले आणि मनोरमा ही तान्ही मुलगी घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, आणि पुढच्याच वर्षी वैद्यकशास्त्र शिकण्याच्या हेतूने इंग्लंड गाठले. कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे तो बेत सोडावा लागला.

वाँटेज येथील भगिनी-मठात त्या राहत असताना लंडनमधील फुलहॅम येथे त्यांनी एक काम पाहिले. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांची तेथील भगिनी सेवा करीत होत्या. दंड नव्हता, तिरस्कार नव्हता. असे का करता, असे विचारल्यावर एका भगिनीने त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांची भेट समजावली. ज्या ग्रंथांचे त्यांनी अध्ययन केले होते त्यांत अशा स्त्रियांच्या वाट्याला काय येते, हे त्या जाणून होत्या. नेहेम्या गोरे या ब्राह्मण कुळातील ख्रिस्ती पंडितांच्या लेखनाने बौद्धिक शंकांचे निरसन केले, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

तरीही मन निवले नाही. त्रैक्याच्या सिद्धान्तावरून त्या मठातील भगिनींशी वाद घालत. क्रुसावर लॅटिन अक्षरे नकोत, संस्कृत हवीत, असा आग्रह धरत. एका गुरूचे बंधन टाकून दुसऱ्याचे पत्करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. पुढे अमेरिकेत त्यांनी विधवांच्या शाळेसाठी मदत जमवली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू केले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. याच काळात, १८९१च्या सुमारास, हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मगुरूचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. धर्म आपण स्वीकारला, परंतु ख्रिस्त आपल्याला अजून भेटलेला नाही, हे त्यांना उमगले. पापक्षमा ही विद्वत्तेने किंवा सत्कृत्यांनी कमवायची गोष्ट नसून जशी आहे तशी घ्यावयाची आहे, या जाणिवेने जुना सल प्रथमच शमला.

या समाधानाची किंमतही पडली. सदनातील मुली त्यांच्या प्रार्थनेस बसू लागल्या, तेव्हा धार्मिक तटस्थतेचे आश्वासन मोडल्याचा आरोप झाला. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. टीकाकारांचा आक्षेप अगदीच निराधार होता असे म्हणता येत नाही. दार उघडे ठेवून केलेली प्रार्थना अल्पवयीन आश्रितांवर परिणाम करणारच. रमाबाईंना मात्र ज्या गोष्टीने आपण बरे झालो ती लपवणे शक्य नव्हते.

१८९६च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. उपासमारीने खंगलेल्या मुली पाहताना त्यांना स्वतःचे कुटुंब आठवले नसेल असे कसे म्हणावे? सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी सोडवून आणल्या आणि पुण्याजवळ केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले. तेथे शेती, विणकाम, छपाई असे उद्योग शिकवले जात. पुढे त्याच आवारात कृपासदन सुरू झाले, ते फुलहॅममध्ये पाहिलेल्या स्त्रियांसारख्यांसाठी. १९०५ मध्ये केडगावी पश्चात्तापाची आणि प्रार्थनेची एक मोठी लाट उसळली. रडणे आणि गाणे तेथे दिवसरात्र चाले, असे समकालीन वृत्तांत सांगतात.

मराठीच्या अभ्यासकाला विशेष वाटावे असे काम त्यांनी उतारवयात केले. उपलब्ध मराठी बायबल अशिक्षित स्त्रीला समजत नाही, म्हणून त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि मूळ ग्रंथाचे सोप्या मराठीत भाषांतर करू लागल्या. हे काम वर्षानुवर्षे चालले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळवणाऱ्या हातांत मुक्तिसदनातील स्त्रियांचेही हात होते.