आनंदीबाई आणि गोपाळराव

इ. स. १८८३ च्या एप्रिल महिन्याची सात तारीख. कलकत्त्याच्या बंदरातून ‘सिटी ऑफ कलकत्ता’ नावाची आगबोट विलायतेच्या दिशेने निघाली. तिच्यावर महाराष्ट्रीय वेषातील एक तरुण स्त्री होती. आदल्याच आठवड्यात तिला अठरा वर्षे पूर्ण झाली होती. तिला अमेरिकेस जाऊन डॉक्टर व्हावयाचे होते. तिला निरोप देऊन तिचे पती मागे राहिले होते. लग्न झाल्यापासून ज्या दोघांनी गावोगाव एकत्र प्रवास केला, त्यांच्या वाटा त्या दिवशी प्रथमच इतक्या दूर फाकल्या. ती स्त्री म्हणजे आनंदीबाई जोशी आणि तिचे पती म्हणजे गोपाळराव जोशी.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या एका जोशी घराण्यात झाला. माहेरचे त्यांचे नाव यमुना. गोपाळराव मूळचे संगमनेरचे. ते टपालखात्यात कारकून होते. त्यांची पहिली पत्नी निवर्तली होती आणि वयाने ते यमुनेपेक्षा जवळजवळ वीस वर्षांनी मोठे होते. १८७४ मध्ये, यमुना नऊ वर्षांची असताना, हा विवाह झाला. मुलीला आपण शिकवणार, तिच्या माहेरच्यांनी त्यास हरकत घेऊ नये, अशी अट गोपाळरावांनी लग्नापूर्वीच घातली होती. हुंडा, मानपान यांच्या अटी घालणारे वर पुष्कळ असत. अशी अट घालणारा वर त्या काळी विरळाच.

टपालखात्यातील माणसाची बदली केव्हा होईल याचा नेम नसे. लग्नानंतर आनंदीबाई पतीबरोबर अलिबागेस गेल्या, तेथून कोल्हापूर, मग मुंबई, मग कच्छमधील भूज आणि अखेरीस बंगाल. प्रत्येक ठिकाणी नवी भाषा, नवे शेजारी, नवी चूल. एक गोष्ट मात्र सर्वत्र सारखी होती. पती-पत्नी दोघे पायी बरोबर फिरावयास निघाली की लोक रस्त्यात थांबून पाहत, कोणी हसे, कोणी टोमणे मारी. पुस्तके हाती घेऊन शाळेस जाणारी सुवासिनी दिसली की घरांच्या खिडक्या उघडत. कलकत्त्यासारख्या मोठ्या शहरातही हा त्रास चुकला नाही.

गोपाळरावांचा स्वभाव विक्षिप्त आणि तापट होता, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. पत्नीने शिकावे हा त्यांचा ध्यास खरा होता. पण अभ्यास सोडून ती स्वयंपाकघरात रमलेली दिसली तर ते तिला मारीतही. इतर घरांतील बायका स्वयंपाक केला नाही म्हणून मार खात, आनंदीबाईंनी तो स्वयंपाक केला म्हणून खाल्ला. पुढे अमेरिकेतून लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी त्या दिवसांची आठवण पतीला करून दिली आहे. आपली ती वागणूक भली म्हणावी की बुरी, हे ठरविणे आपल्याला कठीण जाते, असे त्यांनी त्यात निर्भयपणे लिहिले. ज्याच्यामुळे त्या शिकल्या त्यालाच त्यांनी हा प्रश्न विचारला, यातच त्यांच्या शिक्षणाचे फळ दिसते.

वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास आनंदीबाईंना मुलगा झाला. ते मूल दहाच दिवस जगले. त्या काळी स्त्रिया पुरुष डॉक्टरांसमोर आपले दुखणे सांगण्यास लाजत आणि स्त्री डॉक्टर तर देशात जवळपास नव्हत्याच. बाळंतपणात कितीतरी आया आणि मुले उपचाराविना दगावत. आपण वैद्यक शिकावे हा विचार आनंदीबाईंच्या मनात या दुःखातून रुजला.

कोल्हापुरास असताना गोपाळरावांनी अमेरिकेतील एका धर्मोपदेशकास पत्र लिहिले. त्यांचे नाव वाइल्डर. ते पूर्वी कोल्हापुरास राहिलेले होते आणि आता प्रिन्स्टन येथून एक मासिक चालवीत होते. पत्नीला अमेरिकेत शिकता यावे, म्हणून तेथे आपणास काही काम मिळेल काय, असे गोपाळरावांनी विचारले होते. वाइल्डरसाहेबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याचा सल्ला दिला आणि सारा पत्रव्यवहार मासिकात छापून टाकला. गोपाळरावांना तो सल्ला मानवला नाही आणि प्रकरण तेथेच संपावयाचे. पण १८८० मध्ये न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर नावाच्या बाई दातांच्या डॉक्टरकडे गेल्या असता, आपली पाळी येईपर्यंत त्यांनी तेथे पडलेले ते मासिक चाळावयास घेतले. त्यातील ते पत्र त्यांच्या दृष्टीस पडले. हजारो कोस दूरच्या या अनोळखी मुलीला मदत करावी असे त्यांना वाटले आणि त्यांनी पत्र लिहिले. आनंदीबाईंनी उत्तर धाडले. दात दुखण्याचे निमित्त झाले आणि एक नाते जुळले. पत्रांमागून पत्रे जाऊ-येऊ लागली आणि लवकरच आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

१८८२ च्या सुमारास जोशी दांपत्य कलकत्त्याजवळ हुगळी नदीच्या काठी श्रीरामपूर येथे राहत होते. (हे बंगालमधील श्रीरामपूर, महाराष्ट्रातील नव्हे.) अमेरिकेस दोघांनी मिळून जावे असा पहिला बेत होता. परंतु दोघांच्या प्रवासाचा खर्च झेपण्यासारखा नव्हता आणि गोपाळरावांच्या पगारावर घरची इतर माणसेही अवलंबून होती. तेव्हा आनंदीबाईंनी एकटीने जावयाचे ठरले. ब्राह्मणाची सून समुद्र ओलांडून एकटी परदेशी जाणार, ही वार्ता पसरताच हिंदू समाजात गदारोळ उठला. मिशनरी मंडळींनाही ती बाटल्याशिवाय जाते हे पसंत नव्हते.

तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजातील सभागृहात आनंदीबाईंनी भरसभेत इंग्रजीतून भाषण केले. लोक जे प्रश्न पाठीमागे विचारीत होते, ते त्यांनी स्वतःच मांडले आणि एकेकाचे उत्तर दिले. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची निकड आहे, येथे ते शिक्षण मिळण्याची पुरेशी सोय नाही, म्हणून मी जाते. मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असा त्या भाषणाचा आशय होता. सभेवर त्याचा चांगला परिणाम झाला. काही सहृदय लोकांनी वर्गणी जमविली, आनंदीबाईंनी आपले दागिने मोडले आणि प्रवासखर्चाची सोय झाली.

आज बुलढाण्याची एखादी मुलगी राजूर घाट उतरून मलकापूरला आगगाडीत बसते आणि शिकण्यासाठी मुंबईस जाते, तर तिला स्थानकावर पोहोचवावयास चार माणसे येतात. दुसऱ्या दिवशी तिची खुशाली घरी कळते. आनंदीबाईंचा प्रवास जवळजवळ दोन महिने चालला होता. बोटीवर त्यांच्या जेवणाचे हाल झाले, कारण त्या शाकाहार सोडावयास तयार नव्हत्या. सहप्रवासी बायकांपैकी कित्येकींनी त्यांना आपल्या धर्मात ओढण्याची खटपट केली. हे सर्व सोसून ४ जून १८८३ रोजी त्या न्यू यॉर्कला उतरल्या. मावशी त्यांना घेण्यासाठी आल्या होत्या.

रोझेल येथील ते उन्हाळ्याचे दिवस आनंदीबाईंच्या आयुष्यातील सर्वांत सुखाचे दिवस असावेत. कार्पेंटर कुटुंबात त्या घरच्या मुलीसारख्या राहिल्या. त्यांनी आपल्या पद्धतीचा स्वयंपाक करून तेथील मंडळींना जेवू घातले. आनंदीबाईंना माहेरपण लाभले ते असे, सातासमुद्रांपलीकडे.

त्याच वर्षी ऑक्टोबरात त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडली यांनी तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती दिली. तेथील थंडी भयंकर, खोली धुराने कोंदणारी आणि शाकाहारामुळे अन्न अपुरे. आनंदीबाईंना घटसर्प झाला, प्रकृती ढासळली, तरी अभ्यास थांबला नाही. थंडीपासून बचाव व्हावा म्हणून नऊवारी नेसण्याऐवजी त्या गुजराती पद्धतीने लुगडे नेसू लागल्या, आणि एवढी गोष्टसुद्धा त्यांनी पतीला पत्राने कळविली. जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली या विद्यार्थिनीही त्याच महाविद्यालयात शिकत होत्या. आपापल्या देशाच्या वेषात या तिघींनी १० ऑक्टोबर १८८५ रोजी काढविलेले छायाचित्र आजही पाहावयास मिळते.

इकडे गोपाळरावांना एकटेपणा सोसेना. नोकरी सोडून तेही निघाले, पण पत्नीच्या वाटेने नव्हे. ते पूर्वेकडे निघाले आणि पॅसिफिक महासागर ओलांडून सान फ्रान्सिस्कोला उतरले. वाटेत ठिकठिकाणी व्याख्याने देत, पाश्चात्त्यांच्या चालीरीतींवर आणि मिशनऱ्यांवर कडक टीका करीत त्यांनी अमेरिका पालथी घातली आणि १८८५ मध्ये ते पत्नीपाशी पोहोचले. पृथ्वीचा गोल समोर ठेवून या दोन वाटा बोटाने काढून पाहाव्यात. कलकत्त्यापासून एक पश्चिमेला गेली, दुसरी पूर्वेला गेली आणि दोन्ही अमेरिकेत एकमेकींना मिळाल्या. गोपाळरावांच्या जहाल व्याख्यानांनी तेथील स्नेही मंडळी दुखावली आणि पत्नीला मध्ये पडून समजूत घालावी लागली, हेही खरे.

११ मार्च १८८६ रोजी पदवीदान समारंभ झाला. आनंदीबाईंनी प्राचीन आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला होता. समारंभास पती होते, मावशी होत्या आणि आनंदीबाईंच्या दूरच्या नात्यातील पंडिता रमाबाई तर त्यासाठी इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. कल्याणच्या मुलीच्या सोहळ्याला फिलाडेल्फियात आप्तेष्ट जमले. ही वार्ता बॉडलीबाईंनी व्हिक्टोरिया राणीला कळविली आणि तिच्याकडून अभिनंदन आले. कोल्हापूर संस्थानाने आपल्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक केली. ज्या गावातून ते पहिले पत्र गेले, त्याच गावात आता त्यांना डॉक्टर म्हणून परतावयाचे होते.

पण क्षयरोगाने त्यांना ग्रासले होते. १८८६ च्या ऑक्टोबरात दोघे अमेरिकेहून निघाली. देशाबाहेरचा एवढा मोठा प्रवास दोघांनी बरोबर केला तो हाच. वाटभर गोपाळराव आजारी पत्नीची शुश्रूषा करीत होते. इंग्लंडमार्गे नोव्हेंबरात बोट मुंबईला लागली आणि गोपाळरावांची पृथ्वीप्रदक्षिणा पुरी झाली. मुंबईस स्वागत झाले, वर्तमानपत्रांनी स्तुती केली. कालपर्यंत नावे ठेवणारेही भेटावयास आले.

उपचारासाठी आनंदीबाईंना पुण्यास आणले. तेथे काही वैद्य-डॉक्टरांनी त्यांना औषध देण्यास टाळाटाळ केली. समुद्रपर्यटन केलेल्या बाईला हात लावण्यास ते कचरत होते. स्वतः डॉक्टर असलेल्या स्त्रीच्या वाट्याला हे यावे, याहून दारुण विसंगती कोणती? टिळकांनी मात्र आपुलकीचे पत्र लिहून शंभर रुपये पाठविले. परंतु कशाचाच उपयोग झाला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी आनंदीबाईंचे निधन झाले. त्यांना बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. कोल्हापूरच्या रुग्णालयातील त्यांची खुर्ची रिकामीच राहिली.

गोपाळराव पुढेही स्वस्थ बसले नाहीत. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनच्या चहापानावरून जे वादळ उठले, त्याचे मूळ त्यांच्याच खोडीत होते. पण त्याआधी त्यांनी एक गोष्ट केली होती. आनंदीबाईंची रक्षा त्यांनी मावशींकडे अमेरिकेस पाठविली. कार्पेंटरबाईंनी न्यू यॉर्क राज्यातील पोकीप्सी या गावी आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेवली आणि वर दगड बसविला. १८८८ मध्ये कॅरोलाइन डॉल या अमेरिकन लेखिकेने आनंदीबाईंचे चरित्र इंग्रजीत लिहिले. मराठीत ते काशीबाई कानिटकर यांनी लिहिले.

अलीकडच्या काळात शास्त्रज्ञांनी शुक्र ग्रहावरील एका विवराला आनंदीबाईंचे नाव दिले आहे. विवर कसे असते हे बुलढाणा जिल्ह्यातील मुलांना चित्र काढून दाखविण्याची गरज नाही. लोणारच्या काठावर उभे राहून त्यांनी ते पाहिलेलेच असते.