बोरीबंदरसमोरची शाळा : न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी



परभणीहून रात्रीच्या गाडीने मुंबईस गेलात तर सकाळी आपण बोरीबंदरला, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरता. स्टेशनची भव्य वास्तू पाहण्यात नवख्या माणसाचे भान हरपते आणि रस्त्यापलीकडे उभी असलेली घुमटांची दुसरी इमारत नजरेतून सुटते. मीही पहिल्या खेपेस ती पाहिली नव्हती. ती अंजुमन-ए-इस्लामची शाळा. चित्रपटसृष्टीत पुढे दिलीपकुमार म्हणून गाजलेले यूसुफ खान अंजुमनच्याच शाळेत शिकले, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. परंतु ती शाळा ज्यांनी उभी केली त्यांची ओळख आपल्या भागात फारशी नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

बद्रुद्दीन तय्यबजी यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. घराणे सुलेमानी बोहरा, मूळचे खंबायतचे. वडील मुल्ला तय्यबअली व्यापारी. पण इंग्रजी शिक्षणाकडे मुसलमान पाठ फिरवून बसले होते त्या काळात त्यांनी आपले मुलगे विलायतेला धाडले. थोरले कमरुद्दीन सॉलिसिटर झाले. बद्रुद्दीन यांनी आधी मदरशात उर्दू-फारसीचे धडे गिरवले, मग एल्फिन्स्टनमध्ये शिकून इंग्लंड गाठले. डोळ्यांच्या दुखण्याने त्यांचा अभ्यास मध्येच थांबला व त्यांना मायदेशी परतावे लागले. ते पुन्हा गेले आणि १८६७ साली बॅरिस्टर होऊन आले. मुंबई हायकोर्टातले ते पहिले हिंदी बॅरिस्टर होत.

वकिली जोरात चालू लागली. अशा माणसाला शाळेच्या फंदात पडण्याचे काही कारण नव्हते. परंतु मुंबई विद्यापीठ स्थापन होऊन वर्षे लोटली तरी पदवीधरांत मुसलमान शोधावे लागत होते. कारण उघड होते. मिशनची शाळा म्हटली की धर्म जाण्याची धास्ती. सरकारी शाळेत कुराण नाही, उर्दू-फारसी नाही. आणि मदरशात इंग्रजी व गणित नाही. बाप मुलाला दुकानावर बसवी. १८७४ साली कमरुद्दीन, बद्रुद्दीन, नाखुदा मुहम्मद अली रोगे आणि त्यांचे सहकारी यांनी अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली ती ही कोंडी फोडण्यासाठी. कमरुद्दीन अध्यक्ष झाले. कामाचा भार सेक्रेटरी या नात्याने धाकट्या भावाने उचलला.

संस्था १८७४ ची आणि शाळा १८८० ची, हे वाचून आश्चर्य वाटेल. ज्यांनी संस्था चालवली आहे त्यांना ते वाटणार नाही. मुंबईचे मुसलमान म्हणजे एक समाज नव्हता. खोजे, मेमन, बोहरे, कोकणी, दक्षिणी. बोली निरनिराळ्या, मशिदी निरनिराळ्या, जमातखाने निरनिराळे. प्रत्येक जमातीचा शेठ आपल्या जमातीपुरता उदार. बद्रुद्दीन स्वतः एका लहानशा पंथाचे. सुन्नी शेठाने त्यांच्या शब्दावर पैसे का द्यावेत? ही सर्व मंडळी एका सतरंजीवर बसवण्यात ती वर्षे खर्ची पडली, असे मी समजतो. अखेर १८८० साली बाबुला टँक भागात शाळा सुरू झाली तेव्हा शिक्षक ३ आणि विद्यार्थी १२० होते. इंग्रजी व इतर विषयांबरोबर दीनी तालीम आणि उर्दू-फारसी एकाच छपराखाली आली.

आता पैशाचे पाहू. १८५४ च्या वुड साहेबांच्या खलित्याने खाजगी शाळांना ग्रँट देण्याची पद्धत पडली होती. तिच्या अटी आपणांस ओळखीच्या वाटतील : व्यवस्थापन स्थानिक मंडळींचे हवे, फी थोडी का होईना घ्यावी, इन्स्पेक्टरला तपासणी करू द्यावी. म्हणजे आधी स्वतः शाळा चालवून दाखवायची, मग सरकार हात लावणार. गरीब वस्तीतल्या शाळेला हाच पहिला घाट अवघड. विनाअनुदानित वर्गासाठी रविवारी पावती पुस्तके घेऊन बाजारात हिंडलेल्या आम्हा शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. बद्रुद्दीन यांनी दोन्ही बाजू धरल्या. समाजाकडून वर्गणी व देणग्या, आणि सरकारकडे सतत मागणी. १८८२ साली हंटर कमिशन आले तेव्हा त्यांनी मुंबईच्या मुसलमानांची बाजू कमिशनपुढे मांडली. मुसलमानांच्या शिक्षणाला खास उत्तेजन द्यावे, शिष्यवृत्त्या द्याव्यात, अशी शिफारस कमिशनने केलीही. शाळेला सरकारी मदत मिळाली. १८९० मध्ये बोरीबंदरसमोर नव्या इमारतीची कोनशिला बसली आणि १८९३ मध्ये शाळा तिथे गेली.

दरम्यान ते कायदेमंडळाचे सभासद झाले, १८८७ साली मद्रासला काँग्रेसचे अध्यक्ष झाले. सर सय्यद अहमद यांना मुसलमानांनी काँग्रेसपासून दूर राहावे असे वाटे. या मुद्द्यावर दोघांत पत्रव्यवहार झाला, मतभेद मिटले नाहीत. १८९५ साली ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. लोकमान्य टिळकांना १८९७ च्या राजद्रोह खटल्यात जामीन दिला तो यांनीच. १९०२ मध्ये काही काळ हंगामी मुख्य न्यायाधीशही होते. या सर्वांत अंजुमन सुटली नाही. कमरुद्दीन यांच्या मागून अध्यक्षपद त्यांच्याकडे आले ते अखेरपर्यंत राहिले.

परंतु वाचकहो, एक गोष्ट मला वर्गात शिकवताना अडते. ही शाळा मुलांची होती. मुली कुठे होत्या? पुण्यात फुले दांपत्याने १८४८ साली मुलींची शाळा काढली होती. १८८४ मध्ये पुण्यातच हुजूरपागेत मुलींचे हायस्कूल निघाले. बद्रुद्दीन यांना मुलींच्या शिक्षणाचे महत्त्व पटले नव्हते असे म्हणावे, तर त्यांनी १८७६ सालीच आपल्या मुलींना शाळेत घातले होते, आणि पुढे १९०४ मध्ये दोन मुलींना इंग्लंडला शिकायला पाठवले. घरात जे केले ते अंजुमनमध्ये केले नाही.

याला भित्रेपणा म्हणणारे म्हणतील. मी तसे म्हणायला धजत नाही, पण पूर्ण समाधानही होत नाही. ज्याला शाळेसाठी वर्गणीदारांच्या दारात जावे लागते त्याला वर्गणीदाराचा राग परवडत नाही. मुलींचा वर्ग उघडला असता तर मुलांचा वर्गही ओस पडण्याचे भय होते. बॅरिस्टरला आपल्या मुलीसाठी कोणाची परवानगी लागत नव्हती. संस्थेच्या सेक्रेटरीला लागत होती. मात्र वजन हाती आल्यावर ते गप्प बसले नाहीत. १९०३ साली मुंबईत मोहमेडन एज्युकेशनल कॉन्फरन्स भरली. अध्यक्ष बद्रुद्दीन. देशभरातून आलेल्या मंडळींसमोर त्यांनी स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार केला आणि प्रचलित पडदा कुराणाच्या आज्ञेपेक्षा फार पुढे गेला आहे असे प्रतिपादन केले. गदारोळ झाला. ते त्यांच्या अखेरच्या वर्षांतले बोल ठरले. १९ ऑगस्ट १९०६ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

मुलींचे हायस्कूल अंजुमनने काढले ते १९३६ साली, बेलासिस रोडवर. मधे ३० वर्षे गेली. त्या शाळेला आज सैफ तय्यबजी यांचे नाव आहे. हे सैफ म्हणजे बद्रुद्दीन यांचे नातू, अंजुमनचे कार्यकर्ते. १९५७ साली लोकसभेवर निवडून आले ते आपल्या शेजारच्या जालन्यातून, आणि त्याच वर्षी वारले.