प्राध्यापक हॉल्डेन आणि अदृश्य हानीचा हिशेब

जखम डोळ्यांस दिसली म्हणजे तिच्यावर उपाय करता येतो. परंतु जी हानी दिसत नाही, जिला गंध नाही आणि जी कदाचित नातवंडांच्या पिढीत उघडकीस येते, तिचा हिशेब कोणी व कसा ठेवावा? किरणोत्सर्गाने रानातील पशूंवर काय परिणाम होतो, हा प्रश्न याच जातीचा आहे. तो सोडविण्यासाठी ज्यांच्या गणिताचा आधार आजही घ्यावा लागतो, त्या विद्वानांत जे. बी. एस. हॉल्डेन यांचे नाव अग्रभागी आहे. ब्रिटनमध्ये जन्मलेल्या या पुरुषाने भारताचा नागरिक म्हणून देह ठेवला. यास्तव त्यांचे चरित्र आपणांस परके वाटू नये.

जॉन बर्डन सँडरसन हॉल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. त्यांचे वडील श्वसनक्रियेचे नामांकित अभ्यासक होते. कोळशाच्या खाणींतील विषारी वायूंचा शोध घेताना ते ती हवा स्वतः हुंगून पाहत, आणि आपल्या लहान मुलासही खाणीत बरोबर नेत. धोक्याचा प्रयोग प्रथम स्वतःवर करावा, हा धडा त्या मुलाने तेथे घेतला व जन्मभर पाळला.

घरी धाकटी बहीण नेओमी हिने गिनीपिग आणि उंदीर पाळले होते. कोणाचा रंग कोणत्या पिलात उतरतो, याची टिपणे ही भावंडे ठेवू लागली. या बालक्रीडेतूनच शास्त्र उभे राहिले. स्प्रंट नावाच्या मित्रासह त्या दोघांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात, उंदरांमध्ये दोन आनुवंशिक गुण जोडीने वारशात उतरतात, असे दाखवून दिले. सस्तन प्राण्यांविषयीचा असा हा पहिलाच पुरावा होय. दुर्दैव असे की, लेख छापून येण्यापूर्वीच स्प्रंट महायुद्धात कामी आले होते. हॉल्डेन हेही सैन्यात होते. मेसोपोटेमियात जखमी झाल्यावर त्यांस हिंदुस्थानात पाठविण्यात आले, आणि इंदूरजवळील महू येथे त्यांनी काही काळ सैनिकांस बाँबफेक शिकविली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे जन्मस्थान म्हणून हे गाव आपणां सर्वांस ठाऊक आहे.

युद्धानंतर ते अध्यापनाकडे वळले व १९३३ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले. १९२७ मध्ये अमेरिकेतील हर्मन मुलर यांनी क्ष-किरणांनी माश्यांच्या आनुवंशिक द्रव्यात कायमचे बदल घडतात, हे सिद्ध केले होते. अशा बदलास उत्परिवर्तन म्हणतात. त्याने एखाद्या जातीचे एकंदर किती नुकसान होते, हा हिशेब हॉल्डेन यांनी १९३७ मध्ये मांडला. तो थोडक्यात असा: अतिशय घातक दोष ज्या जीवात येतो त्यास एकाच पिढीत मारतो आणि त्याच्याबरोबरच संपतो. सौम्य दोष मात्र पिढ्यानुपिढ्या रेंगाळतो व येथे एक, तेथे एक असे बळी घेत राहतो. अखेरीस दोहोंची बेरीज जवळजवळ सारखीच होते. म्हणजे नुकसान दोषाच्या उग्रतेवर नव्हे, तर असे दोष किती वेळा उत्पन्न होतात त्यावर अवलंबून असते. यावरून किरणोत्सर्गाने त्यांचे प्रमाण वाढले, तर त्याची किंमत आज ना उद्या कोणास तरी द्यावी लागणार, हे उघड आहे. अणुबाँबच्या चाचण्या होऊ लागल्यावर, १९५५ मध्ये, हॉल्डेन यांनी हा प्रश्न विद्वानांपुढे पुन्हा मांडला.

१९५७ मध्ये ते पत्नी हेलन स्परवे यांच्यासह भारतात येऊन राहिले. प्रथम कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत व पुढे भुवनेश्वर येथे त्यांनी काम केले. ते कुडता घालीत, शाकाहार करीत. १९६१ मध्ये त्यांनी भारताचे नागरिकत्व स्वीकारले.

याच सुमारास त्यांच्या विषयाची एक कसोटी भारताच्या भूमीवरच पाहिली जात होती. केरळात कोल्लमजवळच्या किनाऱ्यावर मोनाझाइट नावाची वाळू आहे. तीत थोरियम असल्याने तेथील किरणोत्सर्ग सामान्य जमिनीपेक्षा कित्येक पट अधिक असतो. हान्स ग्रूनेबर्ग या जर्मन शास्त्रज्ञास १९३३ मध्ये लंडनला बोलाविणाऱ्यांत हॉल्डेन होते. त्याच ग्रूनेबर्ग यांनी सहकाऱ्यांसह या किनाऱ्यावरील काळ्या उंदरांचे दात व हाडे तपासली, आणि शेजारच्या साध्या जमिनीवरील उंदरांशी ताडून पाहिली. किरणोत्सर्गामुळे झाला असे म्हणता येईल असा स्पष्ट फरक त्यांस आढळला नाही. त्यांचा सविस्तर अहवाल १९६६ मध्ये निघाला. तो पाहण्यास हॉल्डेन राहिले नव्हते. १ डिसेंबर १९६४ रोजी कर्करोगाने भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. आयुष्यभर स्वतःच्या देहावर प्रयोग करणाऱ्या या पुरुषाचा देह, त्यांच्याच इच्छेनुसार, काकीनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयास अभ्यासासाठी देण्यात आला.

फरक आढळला नाही, म्हणजे हानी झालीच नाही, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. रानात दुर्बल पिलू लवकर मरते व त्याची जागा दुसरे घेते. त्यामुळे कळप भरलेला दिसतो, पण आतली हानी झाकली जाते. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिल येथे अणुभट्टीचा स्फोट झाला आणि त्या वर्षी सुमारे १,१६,००० माणसांस घरेदारे सोडावी लागली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, बेलारूसच्या बाजूच्या त्या ओसाड प्रदेशात हरणे व रानडुकरे शुद्ध राखीव वनांइतकीच आढळली, आणि लांडगे तर सात पटींहून अधिक. माणसाची वस्ती, शेती व शिकार गेल्याने पशूंस मोकळीक मिळाली. उलटपक्षी, त्याच प्रदेशातील अधिक दूषित जागी काही संशोधकांस रानउंदरांच्या डोळ्यांत मोतीबिंदूचे प्रमाण वाढलेले दिसले, तर काहींस पशूंच्या पाऊलखुणा कमी आढळल्या. कळपाची संख्या हा एक हिशेब, आणि प्रत्येक जीवाचे आरोग्य हा दुसरा. दोन्ही निरनिराळे मांडावे लागतात.

आपल्या वाशीम जिल्ह्यात कारंजा-सोहोळ येथे काळविटांचे अभयारण्य आहे. तेथे अणूचे भय नाही. तरी हा न्याय तेथेही लागू पडतो. कळप मोठा दिसला म्हणून तो निरोगी आहे, किंवा लहान दिसला म्हणून नष्ट होणार, असा निर्णय घाईने देऊ नये. पाडसे किती जन्मली, त्यांतली किती जगली, शेजारच्या रानाशी तुलना केली तर काय दिसते, हे वर्षानुवर्षे टिपून ठेवावे. भीतीने अतिशयोक्ती करणे सोपे, आणि आळसाने सारे ठीक आहे असे मानणे त्याहूनही सोपे. हॉल्डेन यांनी दोन्ही टाळून मोजमापाचा कष्टाचा मार्ग धरला. त्या मार्गाची सुरुवात घरातील उंदरांच्या टिपणवहीपासून झाली होती, आणि तशी वही आपणांपैकी कोणासही आजच उघडता येईल.